वजन उतरलं, आता थंडी का वाजते? बॅरिएट्रिक सर्जरी झालेल्या नव्या मंडळींसाठी

वजन उतरवण्यासाठी केलेल्या बॅरिएट्रिक सर्जरीनंतरच्या पाचव्या महिन्यात एका दुपारी मी भांडी विसळत होते. नळाचं पाणी साधंच होतं, फार गारही नव्हतं. दोन मिनिटांत उजव्या हाताची बोटं पांढरी पडली. सैल झालेली अंगठी बोटातून सुटून सिंकमध्ये पडली आणि ती पडल्याचं मला आवाजावरून कळलं, बोटांना काही जाणवलंच नाही. बाहेर ऊन होतं, घरातले बाकीचे पंख्याखाली बसले होते आणि माझ्या अंगात दोन स्वेटर होते.

भूक, उलट्या, केस गळणं, लोंबणारी कातडी, हे सगळं मला सर्जरीआधी नीट समजावून सांगितलं होतं. थंडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा "होतंच असं, एवढं वजन उतरलंय ना" असं उत्तर मिळालं. ते उत्तर अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं रक्ताच्या रिपोर्टात सापडलं, तेही चार महिने उशिरा. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. स्वतः या वाटेने गेलेली आणि आपल्या डॉक्टर-आहारतज्ज्ञांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारलेली पेशंट आहे. गोळ्यांचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

पायरी १: नुसती थंडी की थंडी वाजून ताप?

स्वेटर शोधण्याआधी थर्मामीटर लावा. सर्जरीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हुडहुडी भरून ताप आला तर वजन उतरल्यामुळे असेल असं समजून पांघरूण घेऊन झोपू नका. टाक्यांच्या जागेतून पोटात गळती होत असेल किंवा कुठे संसर्ग झाला असेल तर सुरुवात अशी होऊ शकते. बसल्या जागी नाडी मिनिटाला १२० च्या वर, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारं दुखणं, धाप लागणं, जखम लाल होऊन पाझरणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. उद्याची अपॉइंटमेंट घेऊन थांबू नका. गळती असताना ताप नसतोही, नुसती नाडीच पळत असते, म्हणून नाडी मोजायला शिकून घ्या.

शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर तीही तातडीचीच बाब आहे. ताप नाही, नाडी शांत आहे, तापमान ३६ ते ३७ च्या आसपास आहे आणि तरीही कुडकुडायला होतंय, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

पायरी २: शरीरात काय झालंय ते समजून घ्या

एकदा कारण कळलं की भीती निम्मी होते, निदान माझी तरी झाली.

कातडीखालची चरबी शरीराची ऊब आत धरून ठेवते. स्नायूंतून उष्णता जितक्या सहज बाहेर जाते, त्याच्या साधारण निम्म्यानेच ती चरबीतून जाते. तो थर काही महिन्यांत पातळ झाला की तीच खोली आणि तोच पंखा अंगाला वेगळा लागतो. त्यात आकाराचाही भाग असतो. मोठ्या देहात वजनाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तो हळू निवतो. मोठ्या पातेल्यातलं पाणी वाटीतल्या पाण्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतं, तसंच.

दुसरी गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. चाळीस किलो जास्तीचं वजन घेऊन आपण वर्षानुवर्षं जिने चढत होतो, खुर्चीतून उठत होतो. त्या प्रत्येक हालचालीत स्नायू राबत होते आणि उष्णता तयार होत होती. ओझं गेलं तशी ती उष्णताही गेली.

तिसरी गोष्ट खाण्याची. अन्न पचवायलाही शरीर ऊर्जा खर्च करतं आणि ती उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के अशी खर्च होते, पिष्टमय पदार्थांत ५ ते १० टक्के, स्निग्ध पदार्थांत जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत. सर्जरीनंतर चार घास जातात, म्हणजे शेगडीत इंधनच कमी पडतं.

चौथं कारण सगळ्यात महत्त्वाचं. खाणं एकदम कमी झालं की शरीर काटकसर सुरू करतं. लेप्टिन हे चरबीतून सुटणारं संप्रेरक उतरतं, थायरॉइडच्या संप्रेरकांपैकी प्रत्यक्ष काम करणारं टी-३ कमी होतं, नाडी मंदावते, हातापायांकडे जाणारं रक्त आखडतं घेतलं जातं. हे फक्त आपल्या सर्जरीत होतं असं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला होता. त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला आणि ऐन उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. त्यांची कुठलीही सर्जरी झालेली नव्हती. पोटात कमी गेलं की शरीर दिवे मालवत जातं, एवढंच.

तेव्हा थंडी वाजणं हा मनाचा खेळ नाही. "इतकं काय ते, एवढी कुठे थंडी आहे" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, पण मनालाही लावून घेऊ नका.

पायरी ३: एक आठवडा टिपणं ठेवा

साधी वही घ्या. थंडी वाजली की वेळ, शेवटचं खाणं-पिणं कधी झालं, तापमान, नाडी आणि थंडी नेमकी कुठे वाजते ते लिहा. माझ्या वहीतल्या दोन ओळी अशा होत्या: "सकाळी ११.४०. बोटं आणि नाक गार. शेवटचं खाणं ७.३० ला. पाणी सकाळपासून एकच ग्लास. ३६.२." आणि "दुपारी ३.१०. जेवून दोन तास. गार घाम, हात थरथरतात, डोकं हलकं."

दोन्हीकडे मी "थंडी" असाच शब्द लिहिला होता, पण दुखणी दोन निघाली. पहिली उपाशीपणाची आणि कमी पाण्याची. दुसरी साखर उतरल्याची. बायपासनंतर (यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात) विशेषतः, गोड किंवा मैद्याचं खाल्लं की साखर झपकन वर जाते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी साखर खाली येते. तेव्हा येणारा गार घाम हा गारठा नव्हे, त्याला स्वेटरचा उपयोग नाही. ग्लुकोमीटर असेल तर त्याच क्षणी साखर मोजा. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडे दिसत असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. भोवळ आली, बोलणं अडखळलं तर मात्र थांबू नका.

वहीत आणखी एक फरक टिपून ठेवा: पाय गार लागतात की बधिर होतात? गार पाय हाताला गार लागतो. पायाला गारठा वाटतोय, मुंग्या येतायत, पण हात लावला तर पाय कोमट आहे, असं असेल तर नसांचा प्रश्न असू शकतो. त्यामागे बी-१२, तांबं किंवा थायमिन (बी-१) यांची कमतरता असू शकते. यात उशीर केला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. आठवडाभर वही भरत बसू नका, लगेच दाखवा. सतत उलट्या होत असतील तर आणखीच घाई करा.

पायरी ४: आधी आतून ऊब

थंडी वाजली की आधी दिवसभरात पोटात काय गेलं ते बघा, कपड्यांकडे नंतर वळा. माझी ही सवय उशिरा लागली, पण त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडला.

प्रथिनं दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम, हे बहुतेकांना सांगितलेलं असतं. अडचण अशी की दोन-तीन घासांत पोट भरतं. म्हणून ताटात प्रथिनाचा घास पहिला: अंडं, डाळ, मासा, पनीर, दही, जे चालत असेल ते. दोन खाण्यांत चार-पाच तासांची पोकळी पडू देऊ नका. माझ्या वहीत थंडीच्या बहुतेक नोंदी अशा पोकळीच्या शेवटी होत्या.

पाणीही तितकंच महत्त्वाचं. गार पाणी नकोसं वाटतं म्हणून आपण पाणीच टाळतो. मग अंगातलं पाणी कमी होतं, रक्तदाब उतरतो आणि हातपाय जास्तच गार पडतात. पाणी कोमट प्या. पातळ सूप, कोमट पाण्यात लिंबू, बिनसाखरेचा हलका काढा, हे सगळं दिवसाच्या दीड लिटरमध्ये धरा. एका दमात कप रिकामा करायचा नाही, घोट घोट घ्यायचा. आणि जेवणानंतर अर्धा तास काहीही पिऊ नका, हा नियम गरम पेयांनाही लागू आहे. थर्मास जवळ असला की हे आपोआप जमतं. कप दोन्ही हातांत धरून बसलं की बोटंही शेकतात.

गोड चहा-कॉफीवर चहा-कॉफी घेत ऊब मिळवण्याच्या मागे लागू नका. साखरेने डम्पिंग होतं, म्हणजे खाल्लेलं भर्रकन आतड्यात उतरून मळमळ, घाम, जुलाब होतात, वजन उतरायचं थांबतं आणि जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा-कॉफी घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडचं रक्त वाढल्यामुळे तेवढ्यापुरतं गरम वाटतं, प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत असतं. शिवाय सर्जरीनंतर दारू रक्तात फार वेगाने चढते.

पायरी ५: रक्त तपासा, आणि रिपोर्ट स्वतः वाचा

आता माझ्या त्या चार महिन्यांबद्दल. माझं हिमोग्लोबिन १२.१ होतं. गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ ही जागतिक आरोग्य संघटनेची खालची रेघ. म्हणून "सगळं नॉर्मल" असा शिक्का बसला. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कुणी मागवलंच नव्हतं. मी हट्ट धरल्यावर मागवलं, तर आकडा ७ आला. प्रौढांमध्ये १५ च्या खाली साठा संपल्यात जमा धरतात.

लोह कमी असलं की थंडी का वाजते? रक्तातून प्राणवायू पोचवायला लोह लागतं, आणि शरीराला उष्णता तयार करायलाही ते लागतं. हिमोग्लोबिन शेवटी उतरतं, त्याआधी कोठार रिकामं होतं. आपल्या सर्जरीत तर हे ठरल्यासारखंच आहे: लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये अन्न तो भाग ओलांडून पुढे जातं. स्लीव्हमध्ये (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करतात ती सर्जरी) आतडं जागेवर असतं, पण जठरातलं आम्ल कमी होतं, मांसाहार कमी होतो. पाळी येत असेल तर त्यात भर पडते.

म्हणून डॉक्टरांना नाव घेऊन विचारा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि लोहाच्या बाकी चाचण्या, बी-१२, फोलेट (हेही ब गटातलं जीवनसत्त्व), ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), साखर, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन). लोह भरूनही अॅनिमिया हटत नसेल तर तांबं आणि झिंकही. पहिल्या वर्षात दर काही महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी, आयुष्यभर. बी-१२ चा साठा यकृतात बराच काळ टिकतो, त्यामुळे कमतरता दोन-तीन वर्षांनीही वर येते. पहिल्या वर्षाचा चांगला रिपोर्ट बघून निवांत होऊ नका. अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, हेही लक्षात असू द्या.

गोळ्यांचं वेळापत्रक हा सगळ्यांचाच घोटाळा होतो. सर्वसाधारण शिफारस अशी: बायपास-स्लीव्ह झालेल्यांना आणि पाळी येणाऱ्या स्त्रियांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह, बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, कॅल्शियम दिवसभरात विभागून १२०० ते १५०० मिलिग्रॅम. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. मी पाच महिने दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेत होते. आता लोह सकाळी क जीवनसत्त्वाबरोबर, कॅल्शियम दुपारी आणि रात्री. गोळी सोसत नसेल किंवा आकडा हलत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. मला शेवटी तेच द्यावं लागलं आणि दीड महिन्यानंतर मी पहिल्यांदा एक स्वेटर उतरवला. रिपोर्ट न बघता आपल्या मनाने लोहाचा डोस वाढवू नका, जास्त लोह घातक असतं.

थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांसाठी: वजनाबरोबर डोस बदलतो, शोषणही बदलतं. ती गोळी लोह आणि कॅल्शियमपासून चार तास लांब ठेवा आणि टीएसएच पुन्हा तपासून घ्या.

रक्तदाबाच्या गोळ्याही नजरेखालून घाला. बीटा-ब्लॉकर प्रकारच्या गोळ्यांनी हातपाय गार पडतात, नाडी मंद होते. जुन्या वजनाला ठरवलेला डोस आता जास्त होत असेल. मात्र ही गोळी स्वतःहून एकदम बंद करणं धोक्याचं आहे. विचारूनच काय ते करा.

पायरी ६: कपडे अंगाच्या मापाचे

जुने कपडे वाया जाऊ नयेत म्हणून आपण तेच घालत राहतो. माझा जुना जाड स्वेटर मला आता दोनदा गुंडाळता आला असता, पण चालताना खालून हवा आत शिरायची, बाह्यांतून बाहेर पडायची आणि ऊब टिकायचीच नाही. अंगालगतची हवा अडवली तर कपडा गरम वाटतो. म्हणून सगळ्यात आतला थर अंगाला बेताचा बसणारा हवा, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा, आणि बाहेर वारा अडवणारा. माप दर दोन महिन्यांनी बदलतं, तेव्हा सगळं नवं घेण्याच्या फंदात पडू नका. आतले दोन थर्मल, ताणला जाणारा कपडा आणि एक चांगली शाल एवढ्यावर वर्ष निघतं. सुती कपडा घामाने ओला झाला की अंगावरच गार पडतो, तो लगेच बदला.

मान, मनगटं आणि घोटे झाका. मोजे रात्रीही घाला, पण घट्ट नकोत. एसीच्या जागी काम असेल तर तिथे एक शाल कायमची ठेवून द्या आणि झोताखालची जागा बदलून मागा. थंडगार खुर्चीवर गादी ठेवा. बसायच्या हाडांवरची चरबी गेलेली असते, त्यामुळे खुर्ची गार तर लागतेच, पण टोचतेही. ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते आणि सांगायला मात्र सगळ्यांना संकोच वाटतो.

पायरी ७: शेकताना भाजून घेऊ नका

गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच वापरा. हीटिंग पॅड चालू ठेवून झोपू नका. ज्यांनी नंतर पोटाची लोंबती कातडी काढून घेतली आहे त्यांच्या पोटावरच्या भागाला बरेच महिने संवेदना कमी असते. तिथे पिशवी ठेवली तर भाजल्याचं कळतही नाही. बी-१२ च्या कमतरतेमुळे पाय बधिर झाले असतील तर तिथेही तेच. आणि एकाच जागी रोज तासन्‌तास शेकलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. डाग दिसले की त्या जागी शेकणं थांबवा.

झोपायच्या आधी अंथरुण गरम करून पिशवी बाहेर काढा, हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे. अंघोळीला पाणी कडक नको. आधीच रक्तदाब उतरलेला असतो, वाफेत उभं राहून भोवळ येते.

बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होऊन झोंबत असतील तर त्याला रेनोज म्हणतात. सौम्य असेल तर हातमोज्यांनी भागतं. बोटांवर जखमा होत असतील तर दाखवाच.

पायरी ८: स्नायू राखा

वेगाने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि उष्णता बनवण्याचं मोठं काम स्नायूंचंच. कुडकुडणं म्हणजे तरी काय, स्नायूच भराभर आकसून उष्णता बनवत असतात. सर्जनने परवानगी दिल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम करा: खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टा. साधारण पहिले चार ते सहा आठवडे जड उचलायचं नसतं, तेव्हा चालण्यावर भागवा. बसून काम असेल तर तासाला एकदा उठून पाच मिनिटं फिरा. गारठलेल्या अंगाला दुसऱ्या स्वेटरपेक्षा ही पाच मिनिटं लवकर ऊब देतात, हा माझा रोजचा अनुभव.

किती दिवस चालतं हे?

वजन झपाट्याने उतरत असतं तोवर थंडी जास्त जाणवते. साधारण वर्ष-दीड वर्षात वजन स्थिरावतं, खाणं थोडं वाढतं आणि बहुतेकांचा गारठा ओसरतो. पूर्ण जातोच असं नाही, कारण चरबीचा तो थर परत येणार नसतो. माझी सर्जरी होऊन तीन वर्षं झाली. स्वेटर आता एकच असतो, अंगठी लहान करून घेतली आहे आणि बोटं अजूनही इतरांआधी गार पडतात. पण सगळं स्थिर असताना मध्येच गारठा वाढला, सोबत दम लागायला लागला, बर्फ खावासा वाटू लागला किंवा पायांना मुंग्या आल्या, तर सर्जरीला कितीही वर्षं झालेली असोत, पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. फेरिटिन आणि बी-१२ ची चिठ्ठी त्याच आठवड्यात लिहून घ्या.